ठिबकणारा पंप आणि चुकणारा हिशेब

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पोट चाकांवर चालते. कुणाचा मालवाहू टेम्पो आहे, कुणाची काळी-पिवळी जीप आहे, कुणाचे गॅरेज आहे, तर कुणाचे सुट्या भागांचे दुकान आहे. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत म्हणून यांतील बरेच जण जुनी गाडी घेतात आणि तिच्यावर संसार उभा करतात. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत या टॅक्सी रस्त्यावर होत्या. वीस-वीस वर्षे रोज धावणारी गाडी टिकते ती मालकाच्या आणि मिस्त्रीच्या काळजीमुळे. जुनी गाडी वाईट नसते, दुर्लक्षित गाडी वाईट असते.

या दुर्लक्षाचे सर्वांत साधे आणि सर्वांत महाग उदाहरण म्हणजे गळणारा वॉटर पंप. सकाळी गाडी बाहेर काढली की जमिनीवर रुपयाएवढा ओला डाग दिसतो. आपण तो पाहतो, रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओततो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी फुकट आहे आणि पंपाला पैसे पडतात, एवढाच आपला हिशेब असतो. हा हिशेब कसा चुकतो ते आज आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगणार आहोत, कारण तो आम्हीही चुकलो होतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुना मालवाहू टेम्पो होता. भिवंडीहून सुताच्या गाठी भरायच्या आणि मालेगावला पोहोचवायच्या, हे त्याचे ठरलेले काम. एके दिवशी ऑइल बदलायला गाडी गॅरेजमध्ये नेली असता तेथील उस्तादांनी बॉनेट उघडले, पंख्यामागे बोट फिरवले आणि ते बोट आम्हाला दाखवले. बोटाला हिरवट पांढरी पपडी लागली होती. "शेठ, पंपाला घाम फुटलाय. आठ दिवसांत काम करून घ्या. घाटात नेऊ नका." आम्ही म्हणालो, "उस्ताद, पुढच्या फेरीनंतर बघू." भाड्याचे पैसे यायचे होते, मोसमाचे दिवस होते आणि गाडी तर चालतच होती.

त्या पुढच्या फेरीनंतर आणखी एक फेरी आली, मग आणखी एक. ड्रायव्हर रोज पाणी ओतत राहिला. तिसऱ्या आठवड्यात भरलेली गाडी कसारा घाट चढत असताना काटा वर सरकला. ड्रायव्हरने वेग कमी केला. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला. त्याला वाटले की इंजिन थंड झाले. तो तसाच पुढे गेला. इगतपुरीच्या अलीकडे इंजिनाने एकदम दम तोडला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उठला.

घाबरलेल्या ड्रायव्हरने हाताला फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि मानेवरही फोड आले. तो माणूस दीड महिना घरी बसला. त्याच्या घरात दुसरे कमावणारे कुणी नव्हते. औषधपाणी आणि पगार आम्ही दिला, पण देताना मान वर करवत नव्हती. गाडीचे हेड वाकले होते, गॅस्केट जळाले होते, आणि उघडून पाहिले तेव्हा दोन पिस्टनही चिरलेले निघाले. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला. ज्या पंपाचे पैसे वाचवायला आम्ही निघालो होतो त्याच्या जवळजवळ वीसपट रक्कम गेली, आणि एक जुना गिऱ्हाईक कायमचा तुटला तो वेगळाच.

उस्तादांनी आम्हाला एक शब्दही ऐकवला नाही. त्यांनी फक्त जुना पंप आमच्या हातात दिला. तो अजून आमच्या दुकानात ठेवलेला आहे.

काटा खाली का आला?

ही घटना नीट समजायची असेल तर पंपाचे काम समजून घ्यावे लागेल. इंजिनात इंधन जळते आणि त्या उष्णतेचा मोठा भाग पाणी वाहून नेते. वॉटर पंप म्हणजे एका दांड्याच्या एका टोकाला पुली आणि दुसऱ्या टोकाला पंखुड्यांचे चक्र. फॅन बेल्ट पुलीला फिरवतो, चक्र पाण्याला ढकलते, पाणी ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरून रेडिएटरमध्ये येते आणि गार होऊन परत जाते. बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखाही याच पुलीवर बसवलेला असतो.

दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो त्या बेअरिंगपर्यंत पाणी पोहोचू नये म्हणून मध्ये एक सील असते. दिवसभर घासून घासून ते झिजते. झिजले की पाणी बेअरिंगकडे सरकू लागते. पंप बनवणाऱ्याने हे आधीच ओळखून सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध, पंपाच्या खालच्या बाजूला, एक बारीक भोक ठेवलेले असते. सीलमधून निसटलेले पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर पडावे हा त्याचा हेतू. म्हणजे जो थेंब जमिनीवर पडतो तो पंपाने मालकाला पाठवलेला निरोप असतो. निरोप आल्यावर निरोप्याचेच तोंड बंद करणे कोणत्याही व्यवहारात शहाणपणाचे मानले जात नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच करतो.

आता काट्याचे पाहू. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच काटा खरे सांगतो. पाणी त्या पातळीच्या खाली गेले की सेन्सरभोवती हवा आणि वाफ उरते, आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. आमच्या ड्रायव्हरला जो दिलासा वाटला तो धोक्याचा सर्वांत मोठा इशारा होता. चढावर वर गेलेला काटा कारण नसताना एकाएकी खाली आला तर गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, हे प्रत्येक ड्रायव्हरला मालकाने स्वतः सांगितले पाहिजे. आम्ही सांगितले नव्हते, कारण तेव्हा ते आम्हालाच ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट. पाणी १०० अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकतो. परंतु रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब धरून ठेवते. अनेक झाकणांवर ०.९ असा आकडा असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पंप गळू लागला की हा दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. म्हणजे गळतीने दुहेरी नुकसान होते. पाणी कमी होते आणि उरलेल्या पाण्याची ताकदही कमी होते. आणि दाबाखालच्या त्या गरम पाण्यावरचे झाकण जो उघडतो त्याची गत आमच्या ड्रायव्हरसारखी होते, कारण दाब सुटताच ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

थेंबांचाही हिशेब करून पाहा. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर. दहा तासांत जवळजवळ दोन लिटर. थेंबे थेंबे तळे साचते तसे थेंबे थेंबे ते रितेही होते. शिवाय इंजिन गरम असताना आणि पंप जोरात फिरत असताना गळती उभ्या गाडीपेक्षा जास्त असते, म्हणून जमिनीवरचा डाग पाहून बांधलेला अंदाज नेहमी कमीच निघतो.

रोग एकीकडे, औषध दुसरीकडे

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. गळत्या पंपावर जे उपाय चालतात ते पाहिले की ती आठवते.

पहिला उपाय म्हणजे रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारात मिळणारी गळती थांबवण्याची पावडर टाकणे. रेडिएटरच्या नळीतील बारीक छिद्र यामुळे काही दिवस बुजू शकते. पण पंपाचे सील सतत फिरत्या दांड्याबरोबर घासत असते. तेथे ही पूड धरत नाही. ती जाऊन बसते रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत. मग पंप गळतच राहतो आणि वर रेडिएटरही तुंबतो.

दुसरा उपाय म्हणजे पंपाच्या खालच्या त्या भोकात एम-सीलचा गोळा दाबून बसवणे. गळती थांबते, मालक खूश होतो. पण आता पाण्याला बाहेरची वाट उरलेली नसते. ते बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन काढते, बेअरिंग गंजते आणि एके दिवशी जाम होते. बेल्ट तुटतो. पंखा पुलीवर असेल तर डुगडुगणारा दांडा त्याला रेडिएटरच्या जाळीवर नेऊन आपटतो. एका सीलचे काम पंप, पंखा, बेल्ट आणि रेडिएटर अशा चार वस्तूंवर जाते.

तिसरा उपाय थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. "गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा," असे सांगणारे आजही गावोगावी भेटतात. थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला योग्य उष्णतेवर ठेवण्याचे आहे. तो काढला की सकाळच्या वेळी इंजिन बराच काळ थंड चालते, डिझेल जास्त जाते, सिलिंडर लवकर झिजतात. आणि पंप गळायचा तो गळतोच.

चौथा उपाय आपल्याला उपाय वाटतच नाही इतका तो अंगवळणी पडला आहे. तो म्हणजे रोज मिळेल ते पाणी ओतणे. बोअरच्या जड पाण्याने चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर चढतो तसाच तो इंजिनाच्या आतही चढतो. त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. गंज धरतो, त्याचे कण सीलला घासतात, आणि नवा पंपही लवकर गळू लागतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. पंपासाठी ती औषधासारखी आहेत. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालते. आपल्या गाडीसाठी डब्यावर किंवा पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे. मात्र जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असते. शेळ्या-कुत्री आणि लहान मुले यांच्यापासून ते दूर ठेवावे.

ओळखावे कसे?

प्रत्येक गळती पंपाची नसते. होज पाइपची क्लिप सैल असली तरी पाणी ठिबकते आणि दोन मिनिटांत काम होते. म्हणून घाईने पंप बदलायलाही आम्ही सांगत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना पंप कोरडा पुसून घ्यावा. खालच्या भोकापाशी पुन्हा ओल आली किंवा तेथे पांढरी, हिरवी वा तांबूस पपडी धरलेली दिसली, तर सील गेले असे समजावे. मग पंखा हातात धरून पुढे-मागे हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर बेअरिंगही गेले. चालत्या इंजिनातून घरघर किंवा चिरचिर ऐकू येत असेल तर आणखी थांबू नये. पंप आणि ब्लॉक यांच्या जोडावरून पाणी येत असेल तर कदाचित फक्त गॅस्केट गेलेले असेल, आणि ते काम स्वस्तात होते.

नुसती ओल असेल, पंखा घट्ट असेल आणि आवाज नसेल, तर गावातल्या गावात दोन-चार दिवस गाडी चालवता येते. रोज पातळी पाहावी, भर कमी ठेवावा, घाट टाळावा आणि त्या दोन-चार दिवसांत पंपाची व्यवस्था करावी. पंखा डुगडुगत असेल तर गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेलेली बरी.

रस्त्यात गाडी तापलीच तर इंजिन बंद करून बॉनेट उघडावे आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. वरचा होज पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मग फडके ठेवून झाकण सावकाश, थोडे थोडे फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, त्याने हेड किंवा ब्लॉक तडकतो. माल उशिरा पोहोचला तर गिऱ्हाईक रागावेल, पण भाजलेला हात गिऱ्हाइकाच्या रागापेक्षा मोठा आहे.

नवा पंप की किट?

जुन्या चारशेसातपासून जीपपर्यंत अनेक गाड्यांच्या पंपाचे किट मिळते. दांडा, बेअरिंग, सील, गॅस्केट असे सामान त्यात येते, आणि जाणता कारागीर प्रेसवर ते बसवून देतो. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ येथे असे सामान मिळते. आता न बनणाऱ्या गाड्यांना तर कित्येकदा हाच एक मार्ग उरतो. पंपाचे घर शाबूत असेल, सील बसण्याची जागा गंजाने खाल्लेली नसेल आणि पंखुड्या झिजलेल्या नसतील, तर चांगल्या हाताने बसवलेले किट नव्या पंपाइतके काम देते. हा आपल्या कारागिरांचा जुना हुन्नर आहे आणि त्याला काम मिळाले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते. पण घरच खराब असेल तर किटचे पैसे वाया जातात. अशा वेळी कारागिराने गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

पंप उघडला की बेल्ट, होज पाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकणही पाहून घ्यावे. मजुरी एकदाच पडते. ज्या मोटारींत पंप टायमिंग बेल्टवर चालतो तेथे पंप आणि बेल्ट एकत्रच बदलावेत, कारण दोन्ही कामांसाठी तीच खोलाखोल करावी लागते आणि गळते पाणी त्या बेल्टचेही आयुष्य कमी करते. जुने गॅस्केट पूर्ण खरवडून काढावे, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळावेत. फॅन बेल्ट फार ताणू नये. अंगठ्याने मध्यावर दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला की जुन्या गाड्यांत बहुधा पुरे होते. अति ताणलेला बेल्ट नव्या बेअरिंगचा जीव घेतो, आणि मग दोष पंपावर येतो. शेवटी पाणी भरताना आत अडकलेली हवा बाहेर निघेपर्यंत इंजिन चालू ठेवून पातळी पुन्हा पाहावी.

तिघांची जबाबदारी

आतापर्यंत यंत्राचे झाले. आता माणसांविषयी बोलले पाहिजे, कारण आमच्या मते खरी गळती तेथे आहे.

पहिली जबाबदारी मिस्त्रीची. आमच्या उस्तादांनी आम्हाला तोंडी सांगितले, आम्ही ऐकले नाही. दोष आमचाच. तरीही आमची गॅरेजवाल्या बांधवांना एक सूचना आहे. सांगितलेली गोष्ट कागदावर लिहून द्या. "पंप गळतो आहे, घाटात नेऊ नये" एवढे एक वाक्य बिलाच्या खाली लिहिले तर मालक ते दहा वेळा वाचेल. उद्या काही बिघडले तर तुमच्यावर बोट येणार नाही. जुना भाग काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ज्या गॅरेजमध्ये जुना भाग परत मिळतो तेथे गिऱ्हाईक पुन्हा येते. आणि शागीर्दांना एम-सीलची युक्ती शिकवू नका. हाताखाली शिकणारे पोर आज जे पाहते तेच पुढची चाळीस वर्षे करते.

दुसरी जबाबदारी दुकानदाराची. कंपनीच्या डब्यात साधा माल घालून विकणारे प्रत्येक बाजारात आहेत. साधा माल विकणे गैर नाही. गरिबाला तोच परवडतो. पण तो साधा म्हणून विकावा आणि साध्याच भावात विकावा. बिल द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के हा एकच जीएसटी दर लागू झाला आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के लागत होते. तेव्हा बिल घेतले तर महाग पडते ही सबब आता पहिल्याइतकी उरलेली नाही. गिऱ्हाइकानेही हे लक्षात ठेवावे की बिलाशिवाय घेतलेल्या पंपाची तक्रार सिद्ध करणे अवघड जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळतो हे खरे. परंतु जो स्वतः राबून, केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू वापरतो, त्याला तो ग्राहकच मानतो. स्वतः टेम्पो चालवून घर चालवणाऱ्या माणसाला ही तरतूद ठाऊक असली पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत मोठी जबाबदारी मालकाची, विशेषतः गाडी विकताना. आम्ही असे सौदे पाहिले आहेत की ज्यांत विकण्याच्या आदल्या दिवशी इंजिन धुतले जाते, पंपाचे भोक बुजवले जाते, वरून रंगाचा हात फिरवला जातो आणि "गाडीला काही काम नाही" असे छातीवर हात ठेवून सांगितले जाते. घेणारा बहुधा आपल्यासारखाच गरजू असतो. त्याने बायकोचे दागिने ठेवून पैसे उभे केलेले असतात. महिन्याभरात त्याचे इंजिन बसते. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवून करार करणे फसवणूक मानली आहे. पण हे समजायला कायद्याचे पुस्तक कशाला हवे? मालातला दोष दाखवून माल विकणे ही आपल्या वाडवडिलांची पेढीवरची रीत होती. "पंप गळतो, एवढे पैसे कमी द्या," असे सांगून झालेल्या सौद्यात दोघेही रात्री शांत झोपतात.

हिशेबाची वही

यावर कुणी म्हणेल की सांगणे सोपे आहे, खिशात पैसा नसेल तर पंप बदलायचा कसा? प्रश्न रास्त आहे. हप्ता, डिझेल, टायर, विमा यांतून उरते किती हे आम्हीही अनुभवले आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करून घ्यावे लागते, तो खर्च वेगळा. म्हणूनच आमचे सांगणे असे की दुरुस्तीचा पैसा नफ्यातून काढायचा नसतो, तो भाड्यातून काढायचा असतो. भाडे हातात आले की डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार जसा आधी बाजूला काढतो तशी प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम गाडीच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकावी. कितीही छोटी असो, पण फेरी चुकली नाही तर तीही चुकू नये. गाडी आपली कामगार आहे, तिचाही रोज आहे. तो आपण खाल्ला तर ती एके दिवशी व्याजासह वसूल करते, आणि नेमकी घाटात करते.

त्याबरोबर गाडीची एक वही ठेवावी. पाणी किती वेळा घालावे लागले, पंप कधी बदलला, बेल्ट कधी बदलला, कूलंट कधी भरले, एवढेच लिहावे. आठवड्यात दोनदा पाणी घालावे लागले अशी नोंद दिसली की समजावे, कोठेतरी गळती आहे. पाणी आपोआप संपत नसते. बाहेर कोठे ओल दिसत नाही आणि पाणी तर कमी होते, धुराड्यातून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी पुढे चालवू नये.

ज्यांच्या चार-पाच गाड्या एकाच अड्ड्यावर उभ्या राहतात त्यांनी मिळून एखादा पंप आणि एक-दोन बेल्ट आणून ठेवले तर कुणाचीच फेरी बुडणार नाही. ज्याची गाडी बिघडेल त्याने भाग वापरावा आणि पैसे आले की नवा आणून ठेवावा. यासाठी संस्था नको, नोंदणी नको, फक्त एकमेकांवर विश्वास हवा. आपल्या भागातील किती अड्ड्यांवर असा विश्वास उरला आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आमच्या ड्रायव्हरचा हात बरा झाला, पण कोपराखालचे डाग गेले नाहीत. पुढे त्याने स्वतःचा जुना टेम्पो घेतला. सौद्याच्या दिवशी तो आम्हाला सोबत घेऊन गेला. विकणाऱ्याने चावी पुढे केली तेव्हा याने ती घेतली नाही. आधी बॉनेट उघडायला लावले, पंख्यामागे बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरून पाहिले. बोट कोरडे होते. मग त्याने चावी घेतली.

वाचकांनीही उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी एवढेच करावे. बोट ओले निघाले तर त्याच आठवड्यात कामाला लागावे.